हायब्रिड बाजरीचं बियाणं दरवर्षी नवीनच का घ्यावं लागतं?

देवळा तालुक्यात खरीप आला की मका-बाजरीच्या बियाण्यासाठी पुन्हा खिशात हात घालावा लागतो. मागचं पीक कितीही चांगलं आलेलं असो. बी राखून पेरायला कायद्याची आडकाठी नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तो हक्क दिलाय. अडचण बियाण्याच्या आत आहे.

आत काय घडतं?

हायब्रिड म्हणजे दोन वेगळ्या वाणांची पहिली पिढी: सगळी रोपं सारखी आणि जोमदार. पण या रोपांत परागकण आणि अंडपेशी तयार होताना मिओसिस, म्हणजे अर्धसूत्री विभाजन होतं. दोन्ही पालकांची गुणसूत्रं शेजारी येतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि निम्मी-निम्मी वाटली जातात. पत्ते पिसावेत तसं. म्हणून घरचं बी पेरलं की एक रोप उंच, दुसरं बुटकं, उत्पन्नही घटतं.

पिसणं थांबवता येईल?

भातात थांबवून दाखवलंय. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे सुंदरेशन यांच्या टीमने २०१८ मध्ये तीन जनुकं क्रिस्परने बंद केली. मिओसिसऐवजी सरळ कॉपी होऊ लागली. सोबत ‘बेबी बूम १’ हे जनुक अंडपेशीत चालू केल्यावर फलनाशिवाय भ्रूण तयार झाला. बी म्हणजे आईचा क्लोन! २०२२ मध्ये हायब्रिड भातात हे प्रमाण ९५ टक्क्यांपुढे नेलं गेलं.

मग आपल्याकडे कधी?

मे २०२५ मध्ये केंद्राने ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ हे जीन-एडिटेड भात जाहीर केले. बाहेरचं जनुक नसलेल्या एडिटिंगला २०२२ पासून जीएमच्या कडक नियमांतून सूट आहे. क्लोन बियाण्यातली तीन जनुकं बंद करणं त्या सवलतीत बसू शकतं. पण ‘बेबी बूम’साठी रचलेला तुकडा बाहेरून घातला होता, म्हणजे ते जीएमच्याच रांगेत जाईल.

धोका कुठे?

१९६५ पासून आलेल्या आपल्या पहिल्या हायब्रिड बाजऱ्यांची मातृवाण एकच होती, टिफ्ट २३ए. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला केवडा रोग आला आणि या बाजऱ्या मोठ्या प्रमाणावर बळी पडल्या. सगळीकडे एकच क्लोन पेरला, तर तीच जोखीम पुन्हा. बियाण्याचा खर्च वाचेल, पण नवे रोगप्रतिकारक वाण काढायला मिओसिसच लागतं. त्यामुळे शेतात कॉपी चालेल. संशोधन केंद्रात पत्ते पिसत राहायलाच हवेत.

तोवर घरचं बी वापरायचं असेल, तर पिशवीवर ‘संकरित’ लिहिलंय की ‘सुधारित’, ते आधी बघा. ‘धनशक्ती’सारख्या सुधारित बाजरीचं बी राखता येतं; फक्त शेजारी दुसरी बाजरी नको.