'कोणता कॅमेरा आहे?' हा अभिप्राय नव्हे

फिल्मचा कॅमेरा बाजूला ठेवून डिजिटल हाती घेतलेला एखादा कार्यकर्ता आपले पहिले फोटो घेऊन येतो आणि विचारतो, "कसे आलेत?" त्याला मिळणारी उत्तरे ठरलेली असतात. "एक नंबर." "कडक." "कोणता कॅमेरा आहे?" आणि चौथे, जरा जाणकाराच्या आवाजातले, "फिल्मची मजा नाही राव." यातल्या एकाही उत्तराचा समोरच्या फोटोशी संबंध नाही. पहिली दोन मैत्रीची, तिसरे किमतीचे आणि चौथे सोवळ्याचे. आमचे म्हणणे असे की, या पहिल्या फोटोंना नेमका अभिप्राय मिळणे ही हौशी लोकांची चैन नाही. आपल्या सभांचे, मोर्चांचे, वस्त्यांचे, आपल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो हेच लोक काढणार आहेत. आज त्यांना कोणी नीट सांगितले नाही तर उद्या आपल्याकडे हजारो फोटो असतील आणि त्यातले चेहरे ओळखता येणार नाहीत.

आधी तो तिसरा प्रश्न निकाली काढू. अनोळखी माणसाचे आडनाव विचारून त्याची जागा ठरवावी, तसाच हा प्रश्न आहे. मॉडेल कळले की फोटो पाहायची गरजच उरत नाही. महागाचा असेल तर "मग चांगले येणारच", स्वस्तातला असेल तर "मग काय अपेक्षा करणार". दोन्हीकडून काढणाऱ्याच्या नजरेचा हिशोब शून्य.

चौथ्या उत्तराला मात्र जरा थांबून उत्तर दिले पाहिजे, कारण ते सांगणारे बहुधा अनुभवी असतात. फिल्मने संयम शिकवला, हे खरे. एका रोलमध्ये ३६ फोटो, मग रोल धुणे, मग प्रिंट. प्रत्येक वेळी बोट दाबले की पैसे. पण हा संयम किती जणांनी स्वखुशीने पाळला आणि किती जणांवर खिशाने लादला? आपल्या किती घरांत आजी-आजोबांचे दोनच फोटो आहेत, एक लग्नातला आणि दुसरा ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला! फिल्म पवित्र आणि डिजिटल बाटलेले, ही विभागणी आम्हाला मान्य नाही. रघु राय यांच्यासारख्या, उभी हयात फिल्मवर घालवलेल्या छायाचित्रकाराने २००३ मध्ये मुंबईत काम करताना डिजिटल कॅमेरा हाती घेतला आणि नंतर त्यांना फिल्मकडे परतावेसे वाटले नाही. तिथे कोणाला मजा कमी झाल्यासारखे वाटले नाही, आणि आपल्या पोराच्या हातात तोच बदल झाला की लगेच मजा आठवते.

तरीही एक प्रश्न खरा आहे. फिल्मवर बरे फोटो काढणाऱ्याचे पहिले डिजिटल फोटो बऱ्याचदा फिके, निळसर किंवा पिवळट, निर्जीव दिसतात. त्याचा हात एका महिन्यात बिघडला का? नाही. मधला एक माणूस गेला.

तो माणूस म्हणजे लॅबमधला कामगार. नाक्यावरच्या कलर लॅबमध्ये यंत्रासमोर बसलेला तो मुलगा निगेटिव्ह पाहून प्रिंट गडद करायचा की फिकट, त्यातला हिरवा रंग किती मारायचा, हे ठरवत असे. विहारातल्या ट्यूबलाइटखाली काढलेले फोटो फिल्मवर हिरवट यायचे. तो ते जमेल तितके सावरून द्यायचा. पाकिटावर दुकानाचे नाव असे, अल्बमवर फोटो काढणाऱ्याचे, त्याचे कुठेच नाही. समाजशास्त्रात आम्ही अदृश्य श्रम हा शब्द शिकलो, त्याचे यापेक्षा साधे उदाहरण क्वचित सापडेल. डिजिटलमध्ये ते काम आता कॅमेऱ्यातल्या आज्ञावलीकडे किंवा खुद्द फोटो काढणाऱ्याकडे आले आहे, आणि ते त्याला कोणी शिकवलेले नाही. म्हणून अशा फोटोंवर बोलताना नजर आणि लॅबचे काम या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत. "रंग पिवळा आहे, व्हाइट बॅलन्स बदलून बघ, पण ती मुलगी माइकपर्यंत पोहोचायच्या आधीचा क्षण बरोबर पकडलास" असे सांगता आले पाहिजे. नुसते "फिका आहे" म्हणून मोकळे झाले, की तो आपल्या नजरेवरच शंका घेऊ लागतो.

तीच गोष्ट भिंगाची. जुने ५० मिलिमीटरचे भिंग बऱ्याच स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांवर साधारण ७५ सारखे वागते, कारण आतला सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. "फार जवळून घेतलास, मागची गर्दी कापली गेली" ही तक्रार करण्याआधी एवढे ठाऊक असावे.

आता मुख्य मुद्दा. आपल्या कार्यक्रमांतला सगळ्यात अवघड फोटो कोणता? भर दुपारी, पांढऱ्या साडीतली, सावळ्या चेहऱ्याची बाई. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात पांढऱ्या कपड्यांत जमलेल्या जनसमुदायापासून दीक्षाभूमीच्या आणि चैत्यभूमीच्या आजच्या रांगांपर्यंत हेच दृश्य आहे, आणि कॅमेऱ्याला नेमके हेच झेपत नाही. कॅमेऱ्यातला मीटर समोरचे सगळे मिळून मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरली की तो सगळेच गडद करतो आणि चेहरे काळवंडतात. एखादा सावळा चेहरा जवळून घेतला की तो सगळेच उजळतो आणि पदराच्या चुण्या पुसल्या जातात.

फिल्मवरच्या माणसाची सवय इथे त्याच्याच विरोधात जाते. रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड बऱ्यापैकी सोसते. म्हणून जुने लोक म्हणत, थोडा उजेड जास्त गेला तरी चालेल, कमी पडू देऊ नको. डिजिटलमध्ये हे उलटे आहे. जास्त उजेडाने पांढरे झालेले पार गेले, तिथे काही नोंदलेच जात नाही. अंधारातले मात्र नंतर बरेचसे वर काढता येते, थोडी रवाळ खर येते इतकेच. म्हणून पहिले फोटो पाहताना आधी पदराकडे बघा. विणीची, घडीची रेषा दिसते का? मग डोळ्यांकडे बघा. बुबुळ आणि भुवई वेगळी कळते का? दोन्ही असेल तर फोटो तांत्रिकदृष्ट्या उभा आहे. फक्त पदर असेल तर चेहरा वर काढता येईल. फक्त चेहरा असेल तर पुढच्या वेळी सावलीत उभे करून काढ, रॉ फाइल ठेव, असे सांगा. हा अभिप्राय झाला.

आणि इथेच सगळ्यात वाईट सल्ला येतो: "चेहरा जरा उजळ कर, गोरा कर." चेहरा दिसेल इतका उजळणे आणि चेहरा गोरा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कारागिरी आहे, दुसरी वर्णाची जुनी भूक. मोबाइलमधला ब्यूटी मोड ती भूक न मागता भागवतो. हे यंत्राचे निरागस वागणे आहे, असे कोणी समजू नये. कोडॅक कंपनी प्रिंटचे रंग जुळवण्यासाठी लॅबना जे नमुना कार्ड देत असे, त्यावर अनेक दशके गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. त्याला 'शर्ली कार्ड' हेच नाव पडले. तिची त्वचा बरोबर आली की रंग बरोबर, असा नियम. कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये या कार्डांवर सविस्तर लिहिले. त्यांच्या अभ्यासातला एक तपशील आम्ही विसरू शकत नाही. गडद रंगछटा नीट येत नाहीत, ही तक्रार कंपनीपुढे जोराने मांडली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी. काळ्या माणसांचे चेहरे काळोखात जात होते, त्याने कंपनी हलली नाही. चॉकलेटचा रंग बिघडला तेव्हा हलली! तेव्हा आपल्या पोरांच्या फोटोंवर बोलताना मनात कोणती शर्ली बसली आहे, हे ज्याने त्याने तपासावे.

मग अभिप्राय घ्यायचा कोणाकडून? जाणकारांकडून घ्यावाच. सुधारक ओलवे यांनी मुंबईतल्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले, ते पाहिलेल्या माणसाला माणसाची प्रतिष्ठा चौकटीत कशी येते ते वेगळे शिकवावे लागत नाही. पण आमच्या मते पहिला हक्क फोटोतल्या माणसाचा. फिल्मच्या काळात त्या बाईला आपला फोटो आठवड्याने दिसे, बहुतेकदा कधीच नाही. आता तो तिथल्या तिथे दाखवता येतो. दाखवा. "मावशी, ही तुम्हीच ना?" एवढाच प्रश्न पुरे. "पदर नीट नव्हता माझा", "एवढी थकलेली दिसते का मी?", "हा कोणाला देणार?" ही उत्तरे भिंगांच्या चर्चेत कधी मिळणार नाहीत. शेवटचा प्रश्न तर प्रत्येकाला विचारला गेला पाहिजे.

आणखी एक आग्रह. अभिप्रायाला येण्याआधी कॅमेऱ्यातच फोटो पुसू नका. फिल्मच्या काँटॅक्ट शीटवर ३६ च्या ३६ दिसत. कुठे थांबला, कुठे घाई केली, कुठे एक पाऊल पुढे गेला, हे शिकवणाऱ्याला वाचता येई. डिजिटलवाला तीनशेतून पाच सुंदर फोटो घेऊन येतो आणि त्याची वाटचाल कोणालाच दिसत नाही. निवड त्याने करावी, बारा फोटो काढून ठेवावेत, पण उरलेलेही सोबत आणावेत. जमल्यास त्या बारांचे लहान प्रिंट काढावेत, कारण मोबाइलच्या चकाकत्या पडद्यावर सगळेच बरे दिसते. आणि कोणी सुचवल्याप्रमाणे रंग, उजेड बदलायचा असेल तर तो प्रतीवर बदलावा. मूळ फाइल ही आता आपली निगेटिव्ह आहे. मोर्चातली लाठी, जळालेले घर, पाडलेली भिंत यांचा फोटो असेल तर मूळ फाइलवर कोणी बोटही लावता कामा नये, मग अभिप्राय देणारा कितीही मोठा असो.

विहारात महिन्याच्या एका रविवारी बैठक संपल्यावर अर्धा तास याला देता येईल. सतरंजीवर प्रिंट मांडायचे, काढणाऱ्याने पाच मिनिटे गप्प बसायचे आणि बाकीच्यांनी फक्त काय दिसते ते सांगायचे. "मस्त" हा शब्द त्या अर्ध्या तासापुरता बंद.