चित्रकथेतली वस्ती कुठे गेली?



मागच्या रविवारी पुण्याहून आमची पुतणी आली होती. पोरगी जपानी भाषा शिकलेली आहे आणि एका कंपनीत कागदपत्रांच्या भाषांतराचे काम करते. (पुण्यात जपानी शिकणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. आपल्या वस्तीतील मुलांनी हा मार्ग जरूर पाहावा, एवढे जाता जाता.) तिच्या पिशवीत दोन चित्रकथा होत्या. एक इंग्रजी, जुन्या बाजारात मिळालेली. दुसरी जपानी, कचेरीतील जपानी इंजिनिअरकडून वाचायला आणलेली. दोन्हींचा नायक एकच. त्याचे नाव कामुई.

आमचा धाकटा नववीत आहे. डोरेमॉनला हिंदीत बोलताना पाहून वाढलेला. त्याने इंग्रजी पुस्तकावर झडप घातली. "निंजाची गोष्ट!" म्हणून ओरडला. पुतणी म्हणाली, "निंजाची आहेच रे. पण त्याआधी ती गावाबाहेरच्या वस्तीतल्या पोराची आहे. तो भाग तुझ्या हातातल्या पुस्तकात नाही."

आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले. मग दुपारभर ती सांगत होती आणि आम्ही ऐकत होतो. त्यातले जेवढे ध्यानात राहिले आणि नंतर पडताळून पाहता आले, तेवढे आपल्यापुढे ठेवतो.

जपानी चित्रकथांना 'मंगा' म्हणतात. हे पुस्तक उर्दू पुस्तकासारखे उजवीकडून उघडते आणि चित्रेही उजवीकडून डावीकडे पाहत जायची असतात. अमेरिकेतील प्रकाशकांना ही अडचण वाटली. त्यांनी बरीच वर्षे एक सोपा उपाय केला: पान आरशात धरल्यासारखे उलटे करून छापायचे! वाचकाची सोय झाली, पण सगळी माणसे डावखुरी झाली. सामुराईची तलवार डाव्या कमरेवरून उजवीकडे आली. किमोनो नेसताना डावी बाजू वर घेतात. उजवी बाजू वर घेतात ती फक्त प्रेताला कपडे घालताना. म्हणजे अशा पुस्तकात अख्खे गाव प्रेताच्या पोशाखात हिंडत असते, आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

आता आपल्या जिव्हाळ्याचे उदाहरण घेऊ. ओसामू तेझुका हे जपानचे फार मोठे चित्रकथाकार. त्यांनी १९७२ ते १९८३ या काळात भगवान बुद्धांच्या जीवनावर प्रदीर्घ चित्रकथा काढली. तिचे इंग्रजी भाषांतर व्हर्टिकल या प्रकाशनाने २००३ ते २००५ मध्ये आठ खंडांत केले. तीही पाने उलटीच छापली. आपल्या घरातील बुद्धमूर्तीकडे एकदा पाहा. चीवर डाव्या खांद्यावर, उजवा खांदा मोकळा, आणि भूमीला स्पर्श करतो तो उजवा हात. चित्र आरशात धरले की काय होईल ते वेगळे सांगायला नको. २००२ च्या सुमारास टोकियोपॉप या अमेरिकन कंपनीने मूळ दिशेनेच पुस्तके छापण्याचे धोरण घेतले आणि हळूहळू तीच प्रथा पडली. वाचक काही बिघडले नाहीत. दोन दिवसांत उलटे वाचायला शिकले!

याच बुद्धकथेत तत्ता नावाचा एक पोरगा आहे. तो इतिहासातला नाही, तेझुकांच्या कल्पनेतला. सगळ्यांत खालच्या थरातला. इंग्रजीत त्याला 'परिया' म्हटले आहे. हा शब्द कुठला? तामिळनाडूतील परैयर या समाजाच्या नावावरून युरोपियनांनी उचललेला. 'परै' म्हणजे डफासारखे वाद्य, आणि ते वाजवणारे ते परैयर. इंग्रजीत त्याचा अर्थ 'ज्याला कोणी जवळ करत नाही असा' एवढाच उरला. आज वर्तमानपत्रे एखाद्या देशालासुद्धा 'परिया' म्हणतात. एका जिवंत समाजाचे नाव शिवीसारखे वापरले जाते, आणि तेच नाव अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कपिलवस्तूतल्या पोराला चिकटते. यात एकट्या भाषांतरकाराचा दोष नाही. शब्दकोशात तयार होता तो शब्द त्याने घेतला. पण शब्दकोश कोणी केला, हेही कधीतरी विचारावे लागतेच.

मग पुतणी बोलण्याच्या भाषेकडे वळली. जपानीत 'मी' म्हणायला किती शब्द! 'वाताशी' हा सभ्य, 'बोकू' मुलाच्या तोंडचा, 'ओरे' रांगड्या गड्याचा, 'वाशी' बहुतेक ठिकाणी म्हाताऱ्याचा. हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेले केइजी नाकाझावा यांची 'अनवाणी गेन' ही प्रसिद्ध चित्रकथा आहे. १९७३ साली ती सुरू झाली. तिच्यातला गेन शाळकरी पोरगा असून 'वाशी' म्हणतो, कारण हिरोशिमाकडच्या बोलीत पोरेही तसे म्हणतात. एका शब्दात त्याचे गाव कळते. इंग्रजीत गेन 'आय' म्हणतो आणि अमेरिकेतल्या कोणत्याही पोरासारखा बोलतो. तरी त्या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे. १९७६ साली टोकियोत काही स्वयंसेवक एकत्र आले आणि बॉम्बने काय केले ते जगाला कळावे म्हणून त्यांनी हे भाषांतर हाती घेतले. बोली गेली, पण गोष्ट पोहोचली.

(मराठीतही 'मी' एकच, हे कबूल. आम्ही या स्तंभात 'आम्ही' म्हणतो, त्याचे इंग्रजीत काय होईल कोण जाणे! वाचणाऱ्याला वाटेल, एखादी कमिटी लिहिते आहे.)

'तू' ची गोष्ट याहून मोठी. 'आनाता', 'किमी', 'ओमाए', 'किसामा' अशी चढती-उतरती शिडीच आहे. 'किसामा' हा शब्द तर एके काळी आदराचा होता, आज तोंडावर मारल्यासारखा लागतो. शिवाय नावापुढे 'सामा', 'सान', 'कुन', 'चान' यांपैकी काय लावले यावरून समोरच्याची पायरी ठरते. इंग्रजीत या सगळ्यांचे एकच 'यू'. हे ऐकताना आम्हाला आजोबा आठवले. सत्तरीच्या आजोबांना गावातला शेंबडा पोरगा 'अरे, इकडं ये' म्हणे, आणि आजोबा हात जोडून त्याला 'जी धाकलं मालक' म्हणत. ही दोन वाक्ये इंग्रजीत घाला. दोघेही एकमेकांना 'यू' म्हणतात. वाचणाऱ्याला वाटेल, काय छान बरोबरीचे गाव आहे! आम्ही कारकून माणूस, बी.कॉम. पुरते इंग्रजी, पण एवढे कळले की जिथे अपमान क्रियापदाच्या शेपटीत बसलेला असतो, तिथे इंग्रजी त्याला उचलू शकत नाही. मराठी मात्र उचलू शकते. आपल्या भाषेत तो साठा भरपूर आहे, दुर्दैवाने.

आता कामुईकडे येतो.

सानपेई शिरातो (१९३२ ते २०२१) या चित्रकाराने 'कामुई-देन' ही कथा 'गारो' या मासिकात १९६४ ते १९७१ पर्यंत चालवली. हे मासिकच मुळी तिच्यासाठी निघाले, असे म्हटले तरी चालेल. शिरातोंचे वडील कष्टकऱ्यांच्या चळवळीतले चित्रकार होते. घरातच ते वातावरण. कथा सतराव्या शतकातली. तीन पोरे आहेत. एक सामुराईचा मुलगा, एक शेतावर राबणाऱ्या हलक्या नोकराचा, आणि तिसरा कामुई, 'हिनिन' वस्तीत जन्मलेला. राज्य करणारे शेतकऱ्यांना वस्तीवाल्यांच्या अंगावर आणि वस्तीवाल्यांना शेतकऱ्यांच्या अंगावर कसे घालतात, आणि मधला तो नोकराचा पोरगा दोघांना एकत्र आणायला कसा झटतो, याची ही हजारो पानांची कहाणी. कामुईला वाटते, अंगात बळ आले की आपण सुटू. म्हणून तो निंजा होतो. मग निंजांच्या टोळीतही तोच जाच दिसतो, तेव्हा तिथून पळतो. त्या काळातले जपानी विद्यार्थी, आंदोलने करणारे, ही कथा अंकामागून अंक वाचत.

या पळालेल्या कामुईच्या भटकंतीवर शिरातोंनी वेगळी मालिका काढली. तिचे नाव 'कामुई-गाइदेन'. 'देन' म्हणजे कथा, 'गाइ' म्हणजे बाहेरची. म्हणून 'गाइदेन' ही मुख्य कथेच्या बाजूची कथा. तिच्यात समुद्र, पाठलाग, तलवारी, झुंजी. मे १९८७ मध्ये इंग्रजीत आली ती ही बाजूची कथा. अमेरिकेत तेव्हा निंजांचे वेड होते. 'गाइ' हे अक्षर गाळून नाव दिले 'द लिजंड ऑफ कामुई', आणि जोडीला 'अस्सल निंजाकथा' अशी ओळ. पाहा, एकही वाक्य चुकीचे भाषांतरित न करता केवढे गेले! बाजूच्या कथेने मुख्य कथेचे नाव घेतले आणि मुख्य कथा दाराबाहेर राहिली. वस्ती, तिच्यातली माणसे, शेतकऱ्यांशी झालेले भांडण आणि समेट, सगळे. मूळ 'कामुई-देन' इंग्रजीत आणायला कॅनडातील ड्रॉन अँड क्वार्टर्ली या प्रकाशनाने घेतले ते थेट २०२० नंतरच्या दशकात. मधल्या साऱ्या वर्षांत इंग्रजीवर अवलंबून असलेल्या जगाला, म्हणजे आपल्यालाही, कामुई हा फक्त उड्या मारणारा निंजा.

कोणी मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. बाजारात खपते ते आधी आले. पण भाषांतरात काय हरवते असे विचारले की लोक शब्द मोजत बसतात. भाषांतरालाच घेतले नाही ते कोण मोजणार?

जपानमध्ये असा समाज आहे, हेसुद्धा आपल्याकडे थोड्यांनाच माहीत. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे, फाशी दिलेल्यांची प्रेते हलवणे ही कामे ज्यांच्या माथी मारली, त्यांना 'एता' आणि 'हिनिन' म्हणत. १८७१ साली सरकारी फर्मानाने ही नावे रद्द झाली. लग्न जमवताना आणि नोकरी देताना मूळ वस्तीची चौकशी त्यानंतरही होत राहिली. ३ मार्च १९२२ रोजी, महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी, याच लोकांनी क्योटोत 'सुइहेइशा' ही संघटना उभारली. सुइहेइ म्हणजे पाण्याच्या पातळीसारखे समतल. त्यांनी आपल्या जाहीरनाम्यात 'एता' हा शिवीचा शब्द लपवला नाही. उलट मान ताठ करून वापरला.

आणि हे शब्द लिहितात कसे? पुतणीने धाकट्याच्या वहीत काढून दाखवले. 'एता' लिहिताना दोन चिन्हे: घाण, पुष्कळ. 'हिनिन' लिहितानाही दोन: नाही, माणूस. जपानी पोराला ते पान उघडताच डोळ्यांनी दिसते. इंग्रजीत एकतर 'हिनिन' हा नुसता आवाज उरतो, किंवा 'आउटकास्ट' असा गुळगुळीत शब्द येतो, जो मित्रांनी वाळीत टाकलेल्या पोरालाही चालतो.

तेव्हापासून घरात एक उद्योग सुरू झाला आहे. पुतणीने पहिल्या प्रकरणाचे मराठी करायला घेतले. ती पुण्याहून फोनवर सांगते आणि धाकटा वहीत उतरवतो. आवाजांची तर चैनच आहे. जपानी चित्रकार आवाज चित्रातच हाताने काढतात: पावसाची धार 'झाऽ झाऽ', हळू पाऊस 'शितो शितो', छातीतली धडधड 'दोकी दोकी'. काहीच आवाज नसेल तर त्यालाही शब्द आहे, 'शीऽन'. इंग्रजीत अशा जागी बहुधा कोरे सोडतात किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरे टाकतात. मराठीला रिमझिम, मुसळधार, धडधड, शुकशुकाट काही उसने आणावे लागत नाही.

अडले ते 'हिनिन'पाशी. आम्ही 'बहिष्कृत' सुचवला. बाबासाहेबांच्या पत्राच्या नावातला शब्द, दुसरा कुठला सुचणार? पुतणी म्हणाली, "काका, बहिष्कृत म्हणजे माणूस आहे पण बाहेर टाकलाय. यात माणूसच नाही म्हटलंय." धाकटा म्हणाला, "मग तसंच लिही ना, 'नमाणूस'." असा शब्द मराठीत नाही, असे आम्ही म्हणालो. आई जात्यावर बसावे तशी भिंतीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "शब्द नव्हता, पण वागवायचे तसंच."

सध्या वहीत 'हिनिन' तसाच ठेवला आहे आणि प्रत्येक वेळी पेन्सिलीने खाली 'नमाणूस' लिहिले आहे. आठ पाने झाली. 'शीऽन'ला शुकशुकाट म्हणायचे की चिडीचूप, यावर बहीण-भावाचे फोनवर भांडण चालू आहे.