न्यायाधीश चुकले, शिक्षा कैद्याला

‘नियम सगळ्यांना सारखेच’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते किती फसवे असते हे पाहायचे तर अमेरिकेतल्या कैद्यांची अपिले पाहा.

राज्याच्या कोर्टाने संविधान मोडून शिक्षा दिली, असे कैद्याचे म्हणणे असेल तर तो फेडरल कोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करू शकतो. १९९६ च्या कायद्याने या याचिकेला एक वर्षाची मुदत घातली. याचिका फेटाळली तर अपिलाची नोटीस ३० दिवसांत द्यायची. शिवाय अपिलासाठी कोर्टाचे प्रमाणपत्र हवे. फाशीची प्रकरणे सोडली तर सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्कही नाही.

ओहायोच्या कीथ बोल्सला याचिका फेटाळल्याची सूचना वेळेत मिळालीच नाही. त्याने मुदत मागितली, कोर्टाने दिली. कायद्याने १४ दिवसच देता येत होते. न्यायाधीशांनी चुकून १७ दिवसांची तारीख लिहिली. त्या तारखेच्या एक दिवस आधी अपील दाखल झाले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की अपील उशिरा आले, ते ऐकण्याचा अधिकारच कोर्टाला नाही!

मुदत नसेल तर खटले संपणारच नाहीत, असे म्हणणारे म्हणतील. मान्य. पण कोर्टाच्या चुकीची किंमत कैद्याने का मोजावी? न्यायाधीशाची तारीख पाळणारा माणूस गुन्हेगार ठरतो, तेव्हा ती शिस्त नसते, दार बंद करण्याची युक्ती असते. आणि हे दार कोणाच्या तोंडावर बंद होते? लोकसंख्येत सुमारे १३ टक्के असलेले कृष्णवर्णीय तिथल्या तुरुंगांत सुमारे एक तृतीयांश आहेत.

बाबासाहेबांनी संविधान सभेत, आजच्या कलम ३२ ला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले, ते याच रिटसाठी. सुनील बत्रा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिहारच्या कैद्याचे साधे पत्र याचिका मानले. कागद नव्हे, माणूस पाहिला.

मित्रहो, हक्क रद्द करायला आता संविधान बदलावे लागत नाही. तारखा, प्रमाणपत्रे आणि नमुने पुरतात. म्हणून आम्ही म्हणतो, कायदा शिकणाऱ्या आपल्या पोरांनी कलमांइतकाच प्रक्रियेचा अभ्यास करावा. तुरुंगातल्या आपल्या माणसाचा हक्क तिथेच मारला जातो, आणि तिथेच वाचवता येतो.

जय भीम!