ऑपरेशनचे केळवण

लग्न ठरले की केळवणे सुरू होतात, हे आपल्या घराघरांत चालत आले आहे. पण ऑपरेशनचे केळवण मी प्रथम पाहिले ते जबलपूरला, माझ्या मावसबहिणीच्या घरी.

ताईची उंची पाच फूट एक इंच आणि वजन ११२ किलो. जोडीला मधुमेह, दुखरे गुडघे आणि असे घोरणे की भावोजी बैठकीच्या खोलीत झोपायला गेलेले. वजन कमी करण्याचे ऑपरेशन तिच्या मनात आले ते जुन्या बातम्यांवरून. २०१७ च्या फेब्रुवारीत आमच्या मध्य प्रदेशातल्याच, नीमचच्या एका पोलीस निरीक्षकांचा फोटो देशभर थट्टेचा विषय झाला होता. त्यांचे वजन होते १८० किलो. पुढे मुंबईत त्यांच्यावर हेच ऑपरेशन झाले. ती थट्टा ताईला चांगलीच झोंबली होती, कारण लग्नकार्यात तीही असेच काही ऐकून घेत असे.

मोठे दुखणे निघाले की नागपूर गाठायचे, ही जबलपूरच्या मराठी घरांची जुनी सवय. त्याप्रमाणे तिथल्या सर्जनची वेळ ठरली आणि इकडे आमंत्रणे सुरू झाली. "पुढे बिचारीला काही खाता यायचे नाही," म्हणून एकीकडे पुरणपोळी, दुसरीकडे श्रीखंड. आत्याबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, रोज संध्याकाळी खोव्याची जिलबी मागवली. तीन आठवड्यांत चार किलो वाढले. नागपूरच्या डॉक्टरांनी काटा पाहिला आणि सांगितले, "तारीख आज देत नाही. आठ आठवडे तयारी करून या."

घरी सगळेच चिडले. "वजन उतरवायलाच तर गेलो होतो, मग आधी उतरवून आणा म्हणजे काय?" आत्याबाईंचा हा प्रश्न मलाही रास्त वाटला. उत्तर मात्र पोटातच होते.

हे ऑपरेशन दुर्बिणीतून होते. जठराच्या वरच्या भागावर यकृताचा डावा भाग पसरलेला असतो. तो उचलून धरल्याशिवाय सर्जनला जठर दिसत नाही. स्थूल माणसाच्या यकृतात बहुधा चरबी साठलेली असते. ते मोठे, जड आणि सहज फाटणारे होते. दोन-तीन आठवडे कमी उष्मांकाचा, पण भरपूर प्रथिनांचा आहार घेतला की ते आक्रसते आणि सर्जनला वाट मोकळी होते. म्हणजे शेवटच्या आठवड्यातली जिलबी केवळ काट्यावर चढत नाही, ती सर्जनच्या हाताखाली येते. मधुमेहाच्या रोग्याने मात्र हा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये. खाणे घटले आणि इन्शुलिन किंवा गोळ्या तेवढ्याच राहिल्या तर साखर एकदम खाली जाते.

इमान अहमद ही इजिप्तची स्त्री आठवते? सुमारे ५०० किलो वजनाची म्हणून तिला ११ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबईत आणले. ऑपरेशन झाले ७ मार्चला. मधले दिवस तिला पातळ आहारावर ठेवून वजन उतरवण्यात गेले. ती पुढे सप्टेंबरमध्ये अबुधाबीत वारली, हेही सांगायला हवे. इतके आजार अंगात असले की एका ऑपरेशनने सारे सुटत नाही.

ताईच्या आठ आठवड्यांत तपासण्याही पुष्कळ झाल्या. थायरॉइड, तीन महिन्यांची साखर, लोह, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी, जठराची दुर्बिणीतून तपासणी. घोरण्याची तपासणी झाली तेव्हा कळले की झोपेत तिचा श्वास मधूनमधून थांबत होता. अशा माणसाला भूल देणे जोखमीचे, म्हणून रात्री मास्क लावून झोपायची सवय आधीच करवली. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर ती निदान सहा आठवडे आधी सुटायला हवी, मिश्रीसुद्धा, बायकांनो! नाहीतर जखम भरायला वेळ लागतो आणि छातीत कफ धरतो.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती मानसोपचारतज्ज्ञांची भेट. ताई आधी रागावली, "मी काय वेडी आहे?" त्यांनी एवढेच विचारले, "तुम्ही भूक लागल्यावर खाता, की एकट्या असल्यावर?" ताई बराच वेळ बोलली नाही. भावोजी कामावर आणि मुले पुण्याला गेल्यापासून तिची दुपार फरसाणाच्या डब्याजवळ जात होती. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात, पण दुपारचा एकटेपणा जिथल्या तिथे राहतो. आइस्क्रीम आणि सरबत तर लहानशा जठरातूनही सुखाने उतरतात!

म्हणून तालीम आधीच सुरू झाली. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचे नाही, ताटात आधी डाळ, पनीर, उसळ आणि मग पोळी. सकाळी भंवरताल बागेत फेऱ्या. पहिल्या दिवशी एकच झाली. ऑपरेशननंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, म्हणून डॉक्टरांनी साधी कॅल्शियमची गोळी रोज वेळेवर घ्यायला लावली आणि तिची वही ठेवायला सांगितली. तरुण मुलींना तर नंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायला सांगतात. ते लग्नाच्या बोलणीआधीच घरात स्पष्ट झालेले बरे.

विम्याचे कागदही याच काळात पाहावेत. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, म्हणजे बीएमआय, ४० किंवा अधिक असेल. अथवा ३५ असून अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास थांबण्याचा गंभीर त्रास असेल आणि साधे उपाय थकले असतील, तरच बहुतेक पॉलिसी खर्चाचा विचार करतात. वैद्यकीय सल्ला भारतीयांना याहून कमी आकड्यालाही दिला जातो. हा फरक कळेपर्यंत भावोजींचे तीन हेलपाटे झाले.

आणि आत्याबाई? सुनेसमोर जेवायला त्यांना अपराधी वाटू लागले. एक दिवस त्यांनीच फरसाणाचा डबा मोलकरणीला देऊन टाकला आणि दुपारी ताईला घेऊन पत्ते खेळायला बसल्या. हरल्या की अजूनही चिडतात.

आठ आठवड्यांत नऊ किलो उतरले. तारीख मिळाली. नागपूरला जाताना सिवनीजवळ गाडी थांबली, तेव्हा आत्याबाईंनी सवयीने पिशवी उघडली. मी धसकले. आतून निघाला थर्मास. त्यात गाळलेले मुगाचे कढण होते, आणि एकच पेला.