पाडलेल्या स्लॅबचीही किंमत ओळखा

मागील साली आम्ही बीडमधील आमचे कापडाचे जुने गोदाम पाडले. सळई भंगारवाल्यांनी तोलून नेली. सागवानी चौकटींनाही गिऱ्हाईक मिळाले. काँक्रीटचे तुकडे मात्र आम्ही वर पैसे देऊन ट्रॅक्टरने उचलायला लावले. ते कोठे टाकणार, हे विचारले नाही. आठ दिवसांनी तेच तुकडे, आमच्या भिंतीचा हिरवा रंग अंगावर घेऊन, बिंदुसरेच्या काठी पडलेले दिसले. ट्रॅक्टरवाल्याला काय बोलणार? चूक आमचीच होती. जुलै १९८९ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना नदीचे पात्र अडवण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आमच्या धंद्यात चिंधीही वाया जात नाही. जुने लोकरी कपडे पानिपतला जातात आणि त्यांची ब्लँकेटे होतात. परळीच्या वीजकेंद्राची राख एकेकाळी निव्वळ कचरा होती; आज तिच्या विटा होतात. मग काँक्रीटनेच काय गुन्हा केला?

जुने काँक्रीट फोडून, लोखंड काढून, चाळून घेतले की त्याची खडी होते. दिल्लीत बुराडी येथे २००९ मध्ये असा कारखाना सुरू झाला. भारतीय मानक ३८३ मध्ये २०१६ साली या खडीला मान्यताही मिळाली. पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये, म्हणजे एम १५ पेक्षा कमी प्रतीच्या मालात, सगळी खडी अशी चालते. साध्या, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये शंभरात २५ भाग आणि सळईच्या काँक्रीटमध्ये २० भागच, तेही एम २५ प्रतीपर्यंत.

ही मर्यादा उगीच नाही. जुन्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो. ती पाणी जास्त पिते आणि मजबुतीत नव्या खडीपेक्षा कमी भरते. म्हणून ती आधी भिजवून घ्यावी लागते. गिलावा, माती, लाकूड, प्लास्टिक मिसळले तर माल बिघडतो. चिंधीच्या सुताला कोणी नवे सूत म्हणून विकले तर व्यापाऱ्याची पत जाते. येथे तर माणसांच्या डोक्यावरचा स्लॅब आहे. तेव्हा गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय आणि तपासणी केल्याशिवाय ही खडी स्लॅबमध्ये वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोबा, पायातली भर, अंगणातले ब्लॉक एवढ्यातच पुष्कळ काम आहे.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये या कचऱ्याचे नवे नियम जाहीर केले. परंतु त्यांतली मुख्य सक्ती २०,००० चौरस मीटर व त्यावरील बांधकामांवर आहे. आपल्या दोन ट्रॉल्या मोजायला कोणी येणार नाही. म्हणूनच ही जबाबदारी आपली आहे.

तोडकाम करणारे, भंगारवाले आणि गवंडी हे बहुतेक आपलेच भाऊबंद आहेत. त्यांपैकी चार जणांनी भागीदारीत एक छोटा क्रशर घेण्याचा हिशेब मांडून पाहावा. नगरपालिकेकडे माल साठवायला जागा मागावी. सळई विकणाऱ्याने काँक्रीटही विकायला शिकावे. आणि घर पाडणाऱ्या प्रत्येकाने ट्रॅक्टर हलण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा, "बाबा, हे टाकणार कोठे?" आम्ही तो विचारला नव्हता.