पाण्याची विद्या : नवे उमेदवार व जुने जाणते

शेतकऱ्याच्या शेतांत तळें आलें आणि तळ्याबरोबर मासाही आला. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढल्यापासून, ज्या गांवांस पूर्वीं विहिरीपलीकडे सांठविलेलें पाणी ठाऊक नव्हतें तेथेंही तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशीं तळीं दिसूं लागलीं. पाणी उन्हाळ्यांत पिकास द्यावयाचें आहे, तोंपर्यंत त्यांत कटला, रोहू व मृगळ सोडून चार पैसे कां मिळवूं नयेत, हा विचार ज्याच्या मनांत आला नाहीं असा तळेवाला विरळा. शिवाय नोकरीच्या वाटेकडे पाहून थकलेले कित्येक सुशिक्षित तरुणही गळ किंवा जाळें घेऊन तलावांच्या व धरणांच्या कांठीं उभे राहूं लागले आहेत. ही गोष्ट आम्हांस इष्टच वाटते. परंतु हे नवे उमेदवार आपली विद्या कोणाकडून व कोणत्या रीतीनें मिळवितात, ह्याविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण ह्या प्रश्नावर त्यांचें भांडवल, आणि दुसऱ्या कित्येकांची भाकर अवलंबून आहे.

नव्या माणसाची तक्रार बहुधा एकच असते. तो म्हणतो, “जुने भोई, कोळी, ढिवर आपली विद्या कोणास सांगत नाहींत, विचारावें तर हंसून दुसरीकडे पाहतात.” जुन्या माणसास विचारावें तर तो म्हणतो, “हे लोक आज येऊन गोड बोलतात आणि उद्यां आमच्याच जागीं जाळें टाकतात.” दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. परंतु तंट्याचें मूळ शोधूं गेल्यास तें प्रश्न विचारण्याच्या रीतींत सांपडतें, असें आमचें मत आहे. नवा माणूस पहिल्या भेटींतच विचारतो, “मासे कोठें लागतात?” वास्तविक त्यानें विचारावयास पाहिजे कीं, “तेथेंच कां लागतात?”

ह्या दोन प्रश्नांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. ‘कोठें’ ह्याचें उत्तर म्हणजे मालमत्ता होय. एखादा डोह, एखादी बुडालेली ओढ्याची वाट, एखादा झाडोरा चार माणसांस कळला कीं दहा दिवसांत रिकामा होतो. तो सांगणारा आपल्याच घरांतील धान्य वाटून टाकीत असतो. ‘कां’ ह्याचें उत्तर मात्र कितीही वांटलें तरी कमी होत नाहीं. वारा कोणत्या बाजूनें वाहिला म्हणजे अन्न कोणत्या कांठास जमतें, पाणी गढूळ झाल्यावर मासा उथळांत कां येतो, ऊन तापल्यावर खोल कां जातो, हें एकदां उमगलें म्हणजे मनुष्य कोणत्याही तलावावर आपली जागा आपण शोधूं शकतो. जुना जाणता पहिल्या प्रश्नास गप्प बसतो ह्यांत त्याचा कोतेपणा नाहीं. दुसरा प्रश्न विचारणारास तो बहुधा आपण होऊन जवळ बसवून घेतो.

आतां कोणी म्हणेल कीं, ही सर्व माहिती छापील पुस्तकांत व सरकारी पत्रकांत मिळते. मग अडाणी माणसाच्या मागें कशाला लागावें? पुस्तकें वाचूं नयेत असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. मत्स्यजिरे, बोटुकली, चुन्याचें प्रमाण, खाद्याचें वजन ह्यांचे आंकडे पुस्तकांतूनच घ्यावे. कटला वरच्या थरांत, रोहू मधल्या थरांत व मृगळ तळाशीं चरतो, म्हणून तिघे एकाच पाण्यांत भांडण न करितां वाढतात, हेंही पुस्तक उत्तम सांगतें. परंतु त्याच पुस्तकाच्या भरंवशावर प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यांत कोणी मृगळ भरमसाट सोडले, तर चिखल नसलेल्या त्या तळाशीं मृगळानें खावें काय, हा विचार पुस्तक त्याच्यासाठीं करीत नाहीं. तो ज्यानें त्यानें आपल्या पाण्याकडे पाहून करावयाचा असतो, आणि असें पाहणें कसें असतें हें पाहणाराजवळ उभे राहूनच शिकतां येतें.

एकच उदाहरण देतों. दोनतीन दिवस आभाळ भरून राहिलें आहे, वारा पडला आहे, आणि पहाटे तळ्यावर जावें तों सर्व मासे वर येऊन तोंडें उघडझांप करीत आहेत. नव्या माणसास वाटतें, बिचारे भुकेले आहेत. आणि तो टोपलीभर पेंड टाकून मोकळा होतो. जाणत्यास तें दृश्य पाहतांच कळतें कीं, हे भुकेले नसून गुदमरलेले आहेत. पाण्यांतील हिरवें शेवाळ दिवसा प्राणवायु सोडतें, पण रात्रीं तेंच तो खर्च करतें. म्हणून सूर्योदयापूर्वीं पाण्यांत प्राणवायु सर्वांत कमी असतो, आणि ढगाळ दिवसांत तर दिवसाची भरही पुरी पडत नाहीं. अशा वेळीं टाकलेली पेंड कुजून उरलासुरला प्राणवायुही खाते. खाद्य तात्काळ बंद करावें, पंपानें पाणी उंचावरून तळ्यांत पाडावें, ताजें पाणी सोडावें, हा त्यावरील उपाय. तासाभराच्या चुकीनें वर्षाचें पीक पालथें होतें. आणि ही खूण जुना भोई प्राणवायूचें नांवही न घेतां ओळखतो.

शास्त्र आणि अनुभव ह्यांचें वैर आहे ही समजूतच मुळीं चुकीची आहे. पूर्वीं कटला-रोहूचें बीज नद्यांच्या पुरांतून गोळा करावें लागे. त्यांत भक्षक माशांचीं पिलेंही मिसळलेलीं असत, आणि तीं निवडण्याचें काम अनुभवी मच्छीमारांच्या नजरेवर चाले. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी डॉ. अलिकुन्ही ह्यांनीं माशाच्या मस्तकांतील पियूष ग्रंथीचा अर्क टोंचून ह्या जातींचें प्रजनन घडवून आणलें, आणि नदीवरील तें अवलंबन सुटलें. हा शोध देशास किती उपकारक झाला हें सांगणें नकोच. १० जुलै हा दिवस त्याच कारणासाठीं मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तरीपण आजही बीज-केंद्रावर टोंचण्यापूर्वीं जोडी निवडावी लागते. नराचा छातीचा पर बोटास खरखरीत लागतो, मादीचें पोट मऊ व फुगलेलें असतें. ही निवड हातानेंच होते. हात शिकलेला नसेल तर औषध वायां जातें.

शास्त्रज्ञांस ह्या गोष्टीची जाणीव फार जुनी आहे. मुंबई सरकारसाठीं दख्खनची माहिती गोळा करणारा कर्नल साइक्स ह्यानें येथील नद्यांतील माशांचें वर्णन १८३९ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यानें कित्येक जातींस कांठावरच्या लोकांच्या तोंडचींच नांवें दिलीं. कोळस, नुकटा, बोगट हे शब्द लॅटिन पोषाख घालून जगांतील प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत आजपर्यंत बसले आहेत. ज्यास एवढी विद्या होती त्यास मासे धरणाराकडून शब्द घेण्यांत कमीपणा वाटला नाहीं. मग आमच्या कृषिपदवीधरांस तो कां वाटावा? इंग्लंडांत आयझॅक वॉल्टन ह्यानें १६५३ सालीं गळाच्या मासेमारीवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तो जाणत्या व नवख्या माणसांच्या संवादरूपानेंच आहे. कृत्रिम माशीनें गळ टाकण्याच्या कलेंत आपण निष्णात नाहीं हें जाणून वॉल्टननें तो विषय आपला तरुण मित्र चार्ल्स कॉटन ह्याजकडे सोंपविला, आणि कॉटनचा भाग १६७६ च्या आवृत्तींत जोडला गेला. वडील माणसानें धाकट्याची विद्या मान्य करावी ह्यांतच त्या धंद्याची सभ्यता आहे.

आतां जें सांगावयाचें तें थोडें कडू आहे. आपल्याकडे मासे धरणें हा पिढ्यान्पिढ्या कांहीं ठराविक जातींचा धंदा मानला गेला, आणि जमीन असलेल्यांनीं त्या जातींस मानाचें स्थान क्वचितच दिलें. ज्यांस काल ओटीवरही बसूं दिलें नाहीं, त्यांनीं आज आपलें गुह्य उघडून सांगावें अशी अपेक्षा करणें हें धार्ष्ट्य होय. मान मिळवावयाचा तर तो आधीं द्यावा लागतो. त्यांतही तलावाच्या ठेक्याचा प्रश्न आला म्हणजे गोष्ट केवळ मानापमानाची राहत नाहीं. भंडारा व गोंदिया भागांतील तलावांचें उदाहरण घ्या. कोहळी लोकांनीं बांधलेले हे तलाव १९५१ सालीं मालगुजारी नाहींशी झाल्यावर सरकारकडे गेले व ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून ओळखले जाऊं लागले. तेथील ढिवरांच्या सहकारी संस्थांचें पोट ह्या पाण्यावर आहे. अशा ठिकाणीं एक हंगाम ढिवराच्या मागें हिंडून माहिती घ्यावयाची आणि पुढल्या हंगामीं पैशाच्या जोरावर त्याच तलावासाठीं त्याच्यावर चढाओढ करावयाची, ह्यास शिकणें म्हणत नाहींत. आमच्या शेतकरी बंधूंस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, आपलें शेततळें आपण पिकवावें. ज्या तलावावर मच्छीमारांची संस्था जगत आहे त्याच्या ठेक्यास हात घालूं नये.

मग नव्या माणसानें ही विद्या व हा मान कसा मिळवावा? प्रथम, एक पावसाळा ते दुसरा पावसाळा असें एक पुरें वर्ष जाणत्याच्या हाताखालीं काढावें. आणि ह्या वर्षांत मोठें भांडवल गुंतवूं नये. जाळें टाकण्याची घाई न करितां फाटलेलें जाळें शिवण्यास, होडींतील पाणी उपसण्यास, मासे टोपल्यांत भरण्यास आधीं हात लावावा. जाळें शिवतांना मनुष्य त्याचा आंस मोजावयास शिकतो, आणि लहान मासा त्यांतून कां सुटूं द्यावा हें त्यास तेथेंच समजतें. बोटुकलीची पिशवी आणली म्हणजे ती तशीच न ओततां पंधरावीस मिनिटें तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी व आंतबाहेरचें पाणी सारखें होऊं द्यावें. आणि बीज सोडण्यापूर्वीं तळ्यांत मरळ राहिला आहे कीं काय तें पाहून घ्यावें. ह्या गोष्टी बारीक दिसतात, पण नवख्याची पारख जाणता मनुष्य ह्याच गोष्टींवरून करतो.

दुसरें, संयम. मृगाच्या पहिल्या पुरांत मासे अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाच्या उलट वर चढतात. हे चढणीचे मासे हातानेंही धरतां येतात, म्हणून हौशी माणसांची त्या दिवशीं झुंबड उडते. एक गाभोळी मादी मारणें म्हणजे बियाण्याची कणगी चुलींत घालणें होय. जो नवा मनुष्य त्या दिवशीं जाळें खांद्यावर ठेवून परत फिरतो, त्याचें नांव कांठावर निराळ्या स्वरांत घेतलें जातें. सुरुंग व विष ह्यांचा उपयोग १८९७ सालच्या कायद्यानेंच गुन्हा ठरविला. परंतु कायद्याचा शिपाई प्रत्येक डोहावर उभा राहूं शकत नाहीं. तेथें कांठावरच्या लोकांचें मतच पहारा करतें. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहांत महाशीर मासे राहिले, ते लोकांच्या श्रद्धेमुळें व शब्दामुळेंच राहिले आहेत.

तिसरें, मोबदला. कृषिशाळेंत फी भरतांना ज्यास संकोच वाटत नाहीं, त्यानें भोयाचा दिवस फुकट घेऊं नये. सल्ला घेतला तर दिवसाची मजुरी द्यावी, माल निघाल्यावर ठरलेला वांटा द्यावा, आणि कोणी आपणांस “हें कोठें शिकलांत?” असें विचारल्यास गुरूचें नांव घ्यावें. आपल्या यशाच्या हकीकतींत गुरूचें नांव गाळणें ही चोरीच होय.

ह्याबरोबरच जुन्या जाणत्यांसही आमची विनंती आहे. नवख्याच्या चुकीवर हंसणें सोपें आहे, पण ज्यांचीं स्वतःचीं मुलें शहराकडे निघून गेलीं आहेत त्यांनीं आपली विद्या कोणाच्या पदरांत टाकावयाची ह्याचा विचार करावा. जागा सांगूं नका, तो तुमचा हक्क आहे. पण कारण सांगा. जो प्रामाणिकपणें वर्षभर तुमच्या जाळ्याचा ओला भार वाहतो, तो जातीचा नसला तरी धंद्याचा झाला असें समजा.

आपल्या संस्थेनेंही ह्या कामीं कांहीं करावें. शेततळ्यांतील मासळीसंबंधीं जे वर्ग भरतात त्यांत एक दिवस तरी तलावकांठीं भरावा व तेथें अनुभवी मच्छीमारास शिक्षक म्हणून बोलवावें. आणि व्याख्यात्यास जें मानधन मिळतें तेंच त्यासही मिळावें. आपापल्या तालुक्यांतील माशांचीं व पाणवनस्पतींचीं स्थानिक नांवें सभासदांनीं वृद्ध मच्छीमारांकडून लिहून घ्यावीं. यंदाचा पाऊस सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक शाखेनें निदान एका जाणत्या मच्छीमारास, त्याच्या घरीं जाऊन, असें निमंत्रण द्यावें अशी आमची सूचना आहे.