शीतगृहाच्या प्रकल्प अहवालात अमोनियाच्या सुरक्षिततेला स्थान हवे

पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात, यवतजवळील भांडगाव येथे २४ एप्रिल २०२४ रोजी एका अन्नप्रक्रिया कारखान्यात अमोनिया वायूची गळती झाली. उत्पादन कक्षात त्या वेळी सुमारे २५ कामगार होते. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. त्यांपैकी १७ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. खाण्यास तयार पदार्थ बनवणाऱ्या या कारखान्यात कक्षाचे तापमान १८ ते २० अंश सेल्सिअस राखण्यासाठी अमोनियाचा वापर होत असे. गळती लक्षात येताच पुरवठ्याचा व्हॉल्व्ह बंद करण्यात आला, म्हणून अनर्थ टळला. वृत्तपत्रांत ही बातमी एक-दोन दिवस झळकली आणि विसरलीही गेली. तथापि शेतकरी उत्पादक कंपन्यांना शीतगृह उभारण्याचा सल्ला देणाऱ्या आपणा सर्वांना ती विसरून चालणार नाही.

प्रस्तुत लेखक छत्तीसगडमधील भिलाई येथे, स्मृति नगर वसाहतीत राहतो. भिलाई-दुर्ग परिसराला वायूचा धोका नवा नाही. १२ जून २०१४ रोजी येथील पोलाद कारखान्यात पाण्याच्या पंपगृहात बिघाड झाला, पाण्याचा दाब घटला आणि झोतभट्टीच्या वायूशुद्धीकरण यंत्रणेतील कार्बन मोनॉक्साइड उलट्या दिशेने पंपगृहात शिरला. त्यात सहा जणांचा मृत्यू झाला आणि मृतांमध्ये वरिष्ठ अधिकारीही होते. ती दुर्घटना अमोनियाची नव्हती, परंतु तिचा धडा शीतगृहाला तंतोतंत लागू पडतो. यंत्रणा सुरळीत चालू असताना धोका क्वचितच उद्भवतो. काहीतरी बंद पडते, दाब बदलतो, दुरुस्ती हाती घेतली जाते, अशा संक्रमणाच्या क्षणी तो उद्भवतो.

याच दुर्ग जिल्ह्यातील धमधा परिसर टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात भाव कोसळले की शीतगृह आणि प्रक्रिया उद्योग यांची मागणी पुढे येते. नाशिकची द्राक्षे, सांगली-तासगावचा बेदाणा, विदर्भातील संत्री यांबाबतही हेच घडते. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून सर्वसाधारण भागात शीतगृहाला ३५ टक्के कर्जसंलग्न अनुदान मिळते. अनुदानाचे अर्ज भरून घेणे, प्रकल्प अहवाल तयार करण्यास साहाय्य करणे, बँकेशी बोलणे ही कामे आपले विस्तार कार्यकर्ते मनापासून करतात. अशा अहवालात साठवणक्षमता, वीजखर्च, परतफेड, भाड्याचे दर यांची सविस्तर कोष्टके असतात. अमोनियाविषयी मात्र बहुधा एखादे वाक्य असते : ‘आवश्यक सुरक्षा उपाय योजण्यात येतील.’ या एका वाक्याने आपण समाधान मानू नये, असे या लेखाचे आग्रहाचे सांगणे आहे.

येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. अमोनिया वाईट म्हणून तो टाळावा, असे येथे सुचवायचे नाही. शीतकरणासाठी तो अत्यंत कार्यक्षम आहे, स्वस्त आहे, ओझोन थराला त्याची झळ पोहोचत नाही आणि जागतिक तापमानवाढीत त्याचा वाटा नगण्य आहे. शेतकऱ्याला तो खतरूपानेही परिचित आहे. भिलाईच्या कोक भट्ट्यांतून निघणाऱ्या अमोनियापासूनच अमोनियम सल्फेट तयार होते. शिवाय त्याचा उग्र वास अल्प प्रमाणातही जाणवतो, त्यामुळे तो आपल्या आगमनाची सूचना स्वतःच देतो. कार्बन मोनॉक्साइडमध्ये हा गुण नाही.

परंतु वास येतो म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे समजणे घातक ठरते. आठ तासांच्या कामासाठी हवेच्या दशलक्ष भागांत अमोनियाचे २५ भाग ही मर्यादा सुरक्षित मानली जाते. हे प्रमाण ३०० भागांवर गेले की जीविताला तात्काळ धोका मानतात. द्रवरूप अमोनिया उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो आणि वायुरूप होताना त्याचे आकारमान सुमारे ८५० पट वाढते. म्हणजे बादलीभर द्रव सांडला तरी एक संपूर्ण खोली भरून जाते. वायू हवेपेक्षा हलका असला, तरी गळतीच्या वेळी तो अतिशय थंड असतो आणि हवेतील बाष्पाशी मिसळून पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत पसरतो. पाण्याशी त्याची ओढ विलक्षण आहे. म्हणूनच डोळे, नाक, घसा आणि फुप्फुसे या ओलसर अवयवांवर तो प्रथम आघात करतो.

मग गळती होते कधी? सर्वांत परिचित प्रसंग तेल काढण्याचा. कॉम्प्रेसरमधील तेल थोडे थोडे वायूबरोबर पुढे जाते. अमोनियात ते मिसळत नाही आणि द्रव अमोनियापेक्षा जड असल्याने टाक्यांच्या तळाशी साचते. ते वेळोवेळी काढावे लागते. चालक तळाचा व्हॉल्व्ह उघडतो, परंतु थंडीने घट्ट झालेले तेल येत नाही, म्हणून तो व्हॉल्व्ह आणखी उघडतो. अडकलेले तेल एकाएकी मोकळे होते आणि त्यामागून अमोनियाचा झोत येतो. तेवढ्यात चालक दुसऱ्या कामाला गेलेला असेल, तर व्हॉल्व्ह बंद करण्यास कोणी उरत नाही. यावर उपाय साधा आहे : हात काढताच स्प्रिंगच्या बळाने आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, तोंडावर योग्य मुखवटा, हातात मोजे आणि शेजारी दुसरा माणूस. हे काम एकट्याने, रात्रपाळीत आणि घाईत कधीही करू नये.

दुसरा प्रसंग दुरुस्तीचा. दोन व्हॉल्व्ह बंद करून मधल्या नळीत द्रव अमोनिया कोंडला गेला आणि नळी तापू लागली, तर द्रवाला प्रसरण पावण्यास जागा उरत नाही आणि नळी फुटते. कोणता व्हॉल्व्ह आधी आणि कोणता नंतर बंद करावा, याचा क्रम म्हणूनच लेखी हवा. तो केवळ जुन्या चालकाच्या स्मरणात असून भागत नाही, कारण तो चालक उद्या दुसऱ्या शीतगृहात नोकरीला जाऊ शकतो.

तिसरा प्रसंग वीज जाऊन परत येण्याचा, आणि आपल्या ग्रामीण भागाला तो सर्वाधिक लागू आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात थिओडोर येथील एका शीतगृहात २३ ऑगस्ट २०१० रोजी हेच घडले. सात तासांहून अधिक काळ वीज खंडित होती. त्यानंतर यंत्रणा सुरू करताना, शीतक कक्षातील बर्फ वितळवण्याची प्रक्रिया अर्धवट असतानाच नियंत्रण प्रणाली पुन्हा पहिल्या स्थितीवर आणली गेली. गरम वायू आणि अतिथंड द्रव एकाच नळीत आले, दाबाचा प्रचंड धक्का बसला आणि छतावरील नळी फुटली. सुमारे १४,५०० किलो अमोनिया हवेत गेला. नदीच्या पलीकडे काम करणाऱ्यांसह दीडशेहून अधिक लोकांना त्रास झाला. यंत्रणा ताबडतोब पूर्ण बंद करण्याऐवजी गळतीची जागा वेगळी करण्याच्या प्रयत्नात वेळ गेला, हेही तपासात स्पष्ट झाले. संगणकीय नियंत्रण असलेल्या मोठ्या शीतगृहाची ही कथा असेल, तर दिवसातून अनेकदा वीज जाणाऱ्या गावातील चालकाच्या हाती ‘वीज आल्यावर काय करावे’ याचा एक लेखी कागद असणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आराखड्याच्या टप्प्यावरही एक महत्त्वाचा निर्णय घेता येतो. जेथे माणसे तासन्‌तास उभी राहून निवडणी, कापणी आणि वेष्टन करतात, त्या कक्षात अमोनियाच्या नळ्या आणण्याची गरज आहे काय? १८-२० अंशांसाठी तरी नाही. यंत्रगृहात अमोनियाने ग्लायकॉलचे द्रावण थंड करावे आणि ते द्रावण कक्षात फिरवावे. यात वीजखर्च काहीसा वाढतो, परंतु विषारी वायू माणसांपासून दूर राहतो आणि एकूण अमोनियाही कमी लागतो. भांडगावसारख्या घटनेनंतर हा खर्च अनावश्यक म्हणता येणार नाही.

अर्थात अशी रचना केली की निश्चिंत झालो, असेही नाही. कॅनडातील फर्नी या गावी बर्फावरील खेळांच्या सभागृहात १७ ऑक्टोबर २०१७ रोजी तिघांचा मृत्यू झाला. तेथे अमोनिया यंत्रगृहातच होता आणि खेळाच्या बर्फाखाली मिठाचे द्रावण फिरत होते. परंतु द्रावण थंड करणारे उपकरण तीन दशके जुने झाले होते आणि त्याच्या एका नळीला छिद्र पडून अमोनिया द्रावणात मिसळत होता. ही गळती लक्षात आलेली होती. उपकरण बदलण्याचे काम मात्र पुढे ढकलले गेले होते आणि ते पुन्हा चालू करण्यात आले. ‘एवढा हंगाम निघून जाऊ दे’ हा विचार आपल्याकडेही अपरिचित नाही. म्हणून मुदत संपलेले उपकरण आणि सुरक्षा व्हॉल्व्ह बदलण्यासाठी परतफेडीच्या कोष्टकातच दरवर्षी राखीव निधी दाखवला पाहिजे.

यावर काही प्रगतिशील शेतकरी म्हणतील, ‘आमचे शीतगृह लहान आहे, हे नियम मोठ्या कारखान्यांसाठी आहेत.’ कायद्याची रचना काही अंशी या समजुतीला खतपाणी घालते, हे मान्य केले पाहिजे. धोकादायक रसायनांविषयीचे १९८९ चे नियम साठ्याच्या प्रमाणानुसार जबाबदाऱ्या ठरवतात आणि लहान शीतगृहे त्यांतील कडक तरतुदींच्या बाहेर राहतात. परंतु फुप्फुसाला टनांचा हिशेब कळत नाही. बंद खोलीत काही किलो अमोनियाही प्राण घेण्यास पुरेसा आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने कामगारांना आणि परिसरातील नागरिकांना धोक्याची माहिती देण्याचे तत्त्व मान्य केले. शेतकऱ्यांच्या मालकीच्या कंपनीने हे तत्त्व कायद्याची सक्ती नसतानाही पाळावे, कारण तेथे काम करणाऱ्या स्त्रिया बहुधा सभासदांच्याच घरच्या किंवा गावच्या असतात.

‘खर्च परवडत नाही’ हा आक्षेपही तपासून पाहावा. तेल काढण्याचा स्वयंबंद व्हॉल्व्ह, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, यंत्रगृहाबाहेरील आपत्कालीन बटण, डोळे धुण्याचा नळ आणि न्हाणी, बाहेरच्या बाजूस उघडणारी दारे, नोंदवही आणि भिंतीवरील मराठी किंवा हिंदी सूचना या सर्वांचा खर्च संपूर्ण प्रकल्पाच्या मानाने किरकोळ असतो. वायूसूचक यंत्र आणि हवेच्या नळकांड्यासह श्वसनसंच यांना खर्च येतो, पण तो मूळ अंदाजपत्रकात धरला तर कर्जात सामावून जातो. नंतर धरू म्हटले की तो कधीच धरला जात नाही.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे सराव. वास येताच कक्षातील प्रत्येकीने वाऱ्याला आडवे किंवा वाऱ्याच्या उगमाकडे जावे, वाऱ्याबरोबर धावू नये. नाकातोंडावर ओले फडके धरावे. अंगावर किंवा डोळ्यांत अमोनिया गेल्यास निदान १५ मिनिटे भरपूर पाण्याने धुवावे, तेल-तूप लावू नये. कपडा गोठून त्वचेला चिकटला असल्यास ओढून काढू नये, आधी पाणी ओतावे. जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर मात्र पाणी मारू नये, त्याने वायू अधिक वेगाने उठतो. श्वसनसंचाविना कोणीही आत राहिलेल्याला आणण्यास परत शिरू नये. ही पाच-सहा वाक्ये वर्षातून दोनदा प्रत्यक्ष सरावासह शिकवली, तर त्यांचे मोल कोणत्याही यंत्राहून कमी नाही. सरावाला ग्रामपंचायत, जवळची शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांनाही बोलवावे.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. यापुढे शीतगृहाच्या कोणत्याही प्रस्तावाला साहाय्य करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. एकूण अमोनिया किती किलो असेल आणि तो माणसे काम करतात त्या कक्षात येणार आहे काय? तेल कोण काढणार आणि त्याला ते कोणी शिकवले? वीज गेल्यावर आणि आल्यावर पाळावयाचा क्रम कोठे लिहिला आहे? उपकरणे बदलण्याचा निधी कोणत्या रकान्यात दाखवला आहे? ज्या अहवालात या प्रश्नांची उत्तरे नाहीत, तो अपूर्ण समजून परत करावा. आपण माती परीक्षणाशिवाय खताची शिफारस करीत नाही. हाच काटेकोरपणा अमोनियाच्या बाबतीतही आपल्याकडून अपेक्षित आहे.